मास्तरांनी बेतलेली सायकल

आमच्या नाटक कंपनीत राजा कोण आणि राणी कोण हे मालकांच्या खोलीत ठरायचं. पण राजा राजासारखा आणि राणी राणीसारखी दिसायची ती कपडेपटातल्या मास्तरांमुळे. मी राणी. उंचीने बेताची, बाकी बाबतीत भरघोस. मास्तर माझ्या झग्याच्या चुण्या अशा काही पाडायचे, की मी सिंहासनावरून उठले की शेवटच्या रांगेतला पेंगणारा माणूससुद्धा सावरून बसायचा. टाळ्या मला मिळायच्या. मास्तर विंगेत उभे राहून शिवण बघत असायचे.

कंपनी बंद पडली, राजे पांगले. मास्तरांनी आपलं पायमशीन उचललं आणि माझ्याच इमारतीत, माझ्या खोलीखाली शिवणाचं दुकान मांडलं. दुपारी मशीन चालू झालं की माझ्या फळीवरच्या कपबशा किणकिणतात. मला बरं वाटतं. घरात कोणी आहेसं वाटतं.

मास्तरांची मुलगी भिंगरी. तिचं शाळेतलं नाव वेगळं आहे, पण त्या नावाने हाक मारली तर तीच मागे वळून बघते, कोणाला बोलावताहेत म्हणून. ही पोरगी सायकलच्या शर्यती करते. त्याही साध्या सायकलीवर नाही. गोल ट्रॅकवर पळवायच्या फिक्स्ड गिअरच्या सायकलीवर. तिला ब्रेक नाही. चाक फिरतंय तोवर पेडल फिरणार, आणि पेडल फिरतंय तोवर पाय. मध्येच पाय स्थिर ठेवून मजेत घरंगळत जायची सोयच नाही.

"मग थांबायचं कसं गं?" मी घाबरून विचारलं होतं.

उत्तर मास्तरांनी दिलं. "बाई, माझ्या मशीनला कुठे ब्रेक आहे? पाय मंदावला की चाक मंदावतं. त्यात काय?"

त्या दिवसापासून मास्तरांचा पक्का समज झाला, की ही सायकल म्हणजे शिलाई मशीनच, फक्त घराबाहेर काढलेलं. सगळा घोटाळा तिथून सुरू झाला.

तिच्या सायकल क्लबचा शर्यतीचा संघ निवडायचा होता. चार मुली घेणार होते, आणि पुढच्या वर्षी भिंगरी वयाच्या अटीत बसणार नव्हती. म्हणजे आत्ता नाहीतर कधीच नाही. क्लबच्या सायकली सगळ्यांच्या सामाईक. आज ही, उद्या ती. तिचे सर म्हणाले, "स्वतःच्या मापाची फ्रेम करून घे." माप हा शब्द मास्तरांच्या कानी पडला मात्र, गळ्यातली टेप हातात आली.

"माप मी घेणार."

"अहो बाबा, फ्रेमवाला घेतो ना माप."

"मी जिवंत असताना माझ्या मुलीचं माप वेल्डिंगवाला घेणार?"

आतून मास्तरांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, म्हणाल्या, "घेऊ दे गं त्यांना. नाहीतर आठवडाभर माझ्यावर फुगून बसतील."

मास्तरांनी मग तिला दुकानाच्या मधोमध उभं केलं आणि पाय, धड, हात, खांदे सगळं मोजलं. आकडे पुटपुटत पाठ केले आणि स्वतः जाऊन फ्रेमवाल्याला सांगून आले. महिन्याभरात फ्रेम आली. डाळिंबी रंग, आरशासारखी चकचकीत. चाकं लागली, चेन लागली. आम्ही सगळे जिन्यापाशी जमलो. मी तर चक्क टाळ्या वाजवल्या, सवय जात नाही.

भिंगरी चढली. चढली म्हणजे, भिंतीला धरून कशीबशी वर पोचली.

सीट पार खाली दाबून बसवली तरी पेडल खाली गेलं की पाय ताणून लांब व्हायचा. कंबर डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. हँडल इतकं पुढे, की पोरगी सायकल चालवतेय की कोणाच्या पाया पडतेय ते कळेना. साध्या सायकलीवर अवघडलेला पाय क्षणभर सोडून देता येतो. इथे पेडल ऐकतंय कुठे? ते पायाला ओढून नेतंय. दोन दिवसांत गुडघ्याच्या मागची शीर धरली.

"उंटावर बसवलंय पोरीला," वहिनी म्हणाल्या. "आता शेळ्याही आणून द्या हाकायला."

मास्तर चक्रावले. रोज मशीन सोडून सायकलीभोवती फिरत राहायचे. जो येईल तो सल्ला देऊन जाई. दूधवाला म्हणाला, हँडल उंच करा. शेजारचा म्हणाला, छे, खाली करा. मी म्हटलं, जाड तळाचे बूट घालून बघा, राणी असताना मी तेच करायची. तेही करून पाहिलं. गुडघा थोडा निवला, खांदा दुखू लागला. मास्तरांनी सीटची गादी काढून पातळ शिवली. मग खांदा थांबला आणि बाकीचं दुखू लागलं. ते कुठे, ते सांगत नाही.

"कपडा असता तर कळलं असतं," मास्तर हताश होऊन म्हणाले. "कपडा अंगाला लागतो. कुठे दाटतंय, कुठे झुलतंय, हात लावला की कळतं. ही अंगाला लागतच नाही हो! बोट कुठे ठेवू?"

शेवटी आम्ही तिघं फ्रेमवाल्याकडे गेलो. मास्तर, भिंगरी आणि उगीचच मी. फ्रेमवाल्याने काळा चष्मा कपाळावर चढवला, तिला बसवलं, उतरवलं आणि विचारलं, "मास्तर, मापात काही वाढवलंत का?"

"छे! जसंच्या तसं दिलंय." मग जरा थांबून, "म्हणजे... माया धरलीय, इतकंच."

"काय धरलंय?"

शिवणीच्या आत थोडं जास्तीचं कापड मुडपून ठेवतात, पुढेमागे उसवून मोठं करता यावं म्हणून. शिंपी त्याला माया म्हणतात. मी हे फ्रेमवाल्याला समजावलं. त्याने डोळे विस्फारले.

"कुठे कुठे धरलीत?"

"सगळीकडे. पायाला, धडाला, हाताला. वाढतं अंग आहे."

"बाबा, मी एकोणीस वर्षांची आहे!"

"मग? आई तुझी लग्नानंतरही वाढली."

"अहो, पण मी आकड्याप्रमाणे नळ्या कापल्या," फ्रेमवाला म्हणाला.

"अख्ख्या?" मास्तरांचा आवाज चढला. "माया आत मुडपायची असते! तुम्ही ती बाहेर ठेवलीत!"

"नळी मुडपू कशी मास्तर? लोखंडात माया नसते हो."

चूक कोणाची, हे मलाही ठरवता येईना. दोघंही आपापल्या जागी बरोबर वाटत होते. नवी फ्रेम करायला वेळ नव्हता, निवड दोन दिवसांवर आली होती.

घरी आल्यावर भिंगरीने डाळिंबी सायकल पुसली आणि म्हणाली, "मी हीच नेणार. निभावून नेईन."

मास्तर दचकले. हे त्यांचंच वाक्य. प्रयोगाच्या आधी कोणाचा अंगरखा सैल पडला, की मागून टाचण्यांची रांग लावून ते म्हणायचे, "प्रेक्षक पुढून बघतात, निभावून न्या." मीही पाठीला टाचण्या टोचत कितीतरी राज्यं केली.

"नको," मास्तर म्हणाले.

"बाबा, तुम्ही एवढं केलंत, आणि मी क्लबची सायकल घेऊन जाऊ?"

"जा."

"लोक काय म्हणतील? शिंप्याच्या मुलीला मापाचं मिळालं नाही?"

"म्हणू देत. मिळालं नाहीच." मास्तरांनी सायकलीचं हँडल तिच्या हातातून काढून घेतलं. "नाटकात दोन तासांनी टाचण्या काढता येतात. तुझ्या गुडघ्यात टाचण्या कुठे लावू मी? दे इकडे."

इतक्या वर्षांत मास्तरांनी स्वतः बेतलेली वस्तू कोणाच्या हातातून परत घेतलेली मी पाहिली नव्हती.

निवडीच्या सकाळी सरांनी ओळीत लावलेल्या सायकलींतून एक पुढे ओढली. रंग उडालेली, हँडलची पट्टी लोंबणारी. एक डोळा मिटून भिंगरीकडे पाहिलं, सीट थोडी वर केली आणि म्हणाले, "बस." एवढंच. टेप नाही, आकडा नाही. मास्तरांचं तोंड उघडंच राहिलं.

शर्यत मला नीट कळली नाही, खरं सांगते. मुली गोल गोल फिरत होत्या, घंटा वाजत होती, मी चुकीच्या मुलीच्या नावाने ओरडत होते. मास्तर तर कोण पुढे, कोण मागे बघतच नव्हते. ते फक्त कमरा बघत होते. भिंगरीची कंबर जागच्या जागी होती. सरांनी निकाल वाचला तेव्हा तिचं नाव सगळ्यात शेवटी आलं, पण आलं. चौथी.

ती धापा टाकत आमच्याकडे आली. मास्तरांनी शाबासकी द्यायच्या आधी तिचा खांदा दाबून पाहिला.

"इथे ओढतंय?"

"नाही."

"गुडघ्यामागे?"

"नाही हो, बाबा."

मास्तर सरांकडे वळले. "ही सायकल कोणाच्या मापाची केली होती?"

"कोणाच्याच नाही," सर हसले. "क्लबची आहे. दहाबारा मुली चालवतात."

मास्तर खाली वाकले. सायकलीच्या नळ्यांवरून, सांध्यांवरून बोट फिरवत राहिले. कोणासाठीच न बेतलेली वस्तू आपल्या मुलीला बसते, आणि तिच्यासाठी जीव लावून बेतलेली बसत नाही, हे गणित त्यांना काही केल्या सुटेना. मला तरी कुठे सुटलंय!

"पण ही बसली कशी?" ते पुन्हा म्हणाले.

"बसली, बाबा," भिंगरी म्हणाली. "आता मलाही बसू द्या ना जरा. पाय लटपटताहेत."

मास्तरांनी घाईघाईने स्वतःचा कोट काढून पायरीवर अंथरला, तिला हाताला धरून बसवलं, आणि पुन्हा सायकलीकडे गेले.