मेण वितळेपर्यंत

ताप मोजायचा डॉक्टरांचा थर्मामीटर मी उकळत्या पाण्यात बुडवला. तोही न विचारता, त्यांच्या मोटारीतल्या बॅगेतून काढून. त्यावरचे फॅरनहाइटचे आकडे एकशेदहापर्यंतच होते. मला हवे होते एकशेपन्नास. पुढचे आकडे आतल्या बाजूला असतील, असं मला वाटलं. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि इंग्रजी शिकलेली होते, त्यामुळे मला बरंच काही वाटत असे.

भोरला मामंजींचं मोटारींचं गॅरेज होतं. पार्ट सांभाळायचे आणि इंग्रजी कॅटलॉग वाचायचे, ही माझी कामं. मोटारी खोलायचं-जोडायचं काम धोंडीबा मिस्त्रींचं. ते वेल्ह्याचे. त्यांची लेक तिथे बाळंतपणाला आली होती आणि मूल आडवं होतं. डॉक्टर गुरुवारी तिला मोटारीने भोरच्या दवाखान्यात आणणार होते. पण त्यांची म्हातारी मोटार प्रत्येक चढाला वाफ सोडून उभी राहायची.

दोष थर्मोस्टॅटचा होता. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन आणि रेडिएटर यांच्यामधलं छोटंसं दार. पाणी गार असेतो ते बंद, म्हणजे इंजिन लवकर तापतं. पाणी पुरेसं तापलं की ते आपोआप उघडतं आणि पाणी रेडिएटरमध्ये जाऊन निवतं. डॉक्टरांच्या मोटारीतलं हे दार बंदच अडकून बसलं होतं.

मामंजी म्हणाले, काढूनच टाका. मिस्त्रींना ते पटेना. मग थंडीत इंजिन तापणारच नाही, नुसतं खोकेल आणि पेट्रोल पिईल. युद्धाचे दिवस, पेट्रोल कुपनावर.

पुण्याच्या दुकानदाराने तीन जुने थर्मोस्टॅट पाठवले. तिन्ही बसत होते, पण किती तापल्यावर उघडतात ते आकडे झिजून गेलेले. मोटारीच्या पुस्तकात होतं, एकशेपन्नास. त्यात पाणी फिरवणारा पंप अशक्त झालेला. दार उशिरा उघडलं तर चढावर पाणी उकळणारच. म्हणून मी तिन्ही दोऱ्यांनी भाताच्या पातेल्यात टांगले आणि थर्मामीटर सोडला. टक् असा बारीक आवाज झाला. पारा तळाशी पळत सुटला. सासूबाईंनी ते पातेलं पुन्हा चुलीवर चढू दिलं नाही.

मिस्त्री मला रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, "वैनी, गुरवारला दोनच दिस ऱ्हायलं."

त्यापेक्षा रागावले असते तर बरं.

काचा रुमालात बांधून डॉक्टरांकडे गेले आणि काय करायला गेले होते ते सांगितलं. दुसरा थर्मामीटर तेव्हा पुण्यातही मिळत नव्हता. त्यांनी रुमाल उलगडून काचा पाहिल्या. मग म्हणाले, "मलम करताना मी मधमाश्यांचं मेण वितळवतो, ते एकशेपंचेचाळीसच्या सुमाराला वितळतं."

"मेण कुठून आणू?" मी विचारलं.

"आरशात बघा, सूनबाई."

कपाळावर कुंकू टिकावं म्हणून आम्ही बायका खाली मेण लावायचो. माझ्या करंड्यात ते डबीभर होतं!

गॅरेजमागे तीन दगड मांडून डब्यात पाणी तापत ठेवलं आणि तिन्ही थर्मोस्टॅट आत टांगले. पाण्यावर पत्र्याचं झाकण तरंगत सोडलं, त्यात मेणाचा खडा. मिस्त्री आणि मी डोकी खाली घालून बसलो. मेणाची कड चकाकली, खडा पसरला, आणि लगेचच मधल्या थर्मोस्टॅटचं तोंड हळूच उघडलं. मिस्त्रींनी हात जोडले. डब्याला की मला, ते मी विचारलं नाही. उरलेल्यांपैकी एक पाण्याला खळखळून आधण आल्यावर उघडला. दुसरा उघडलाच नाही.

मधला बसवला आणि गुरुवारी मोटार वेल्ह्याला जाऊन आली. वाटेत एकदाही उभी राहिली नाही. मिस्त्रींना नात झाली. मायलेकी दोघी धडधाकट.

तेव्हापासून मी कुठलंही मापाचं साधन हातात घेतलं की त्याचा शेवटचा आकडा आधी बघते.

त्या पावसाळ्यात मला हिवताप भरला. डॉक्टर आले. नवा थर्मामीटर अजून मिळाला नव्हता. त्यांनी नाडी पाहिली, मग वाकून माझ्या कुंकवाकडे निरखून पाहिलं आणि म्हणाले, "मेण अजून वितळलेलं नाही, सूनबाई. जगाल."