वेळ अज्ञात

लष्करात असताना मी जखमींच्या कपाळावर पेनने वेळ लिहायचो. रक्त थांबवायला हातापायाला आवळपट्टी बांधली, की ती कधी बांधली हे कपाळावर दिसलंच पाहिजे. अवयव वाचवायचा की कापायचा, हे त्या आकड्यावर ठरतं. याच विषयावर मी बरीच वर्षं संशोधन केलं. कपाळावर वेळ नसली की त्या जखमीच्या कागदावर ‘वेळ अज्ञात’ असा शेरा मारून मी तो संशोधनातून बाजूला काढायचो. कनिष्ठ डॉक्टर कुरकुरले तर म्हणायचो, “अंदाजावर शास्त्र चालत नाही.” पाठीमागे ते मला खडूस म्हणायचे, आणि मला त्याचाही अभिमान होता.

निवृत्त होऊन बीदरला आलो, त्याच वर्षी माझ्या थोरल्या भावाचा, अण्णाचा, उजवा हात सोयाबीनच्या मळणीयंत्रात सापडला. ठाणाकुशनूरजवळच्या शेतातून त्याला जीपने दवाखान्यात आणलं तेव्हा दोन वाजले होते. वहिनीने लुगड्याचा काठ फाडून त्याच्या दंडाला करकचून बांधला होता.

“किती वाजता बांधलं?” मी विचारलं.

“घड्याळ कोन बघतंय, भावजी? औरादची गाडी जायलती, तवा बांधलं.”

मी वैतागलो. ती गाडी किती वाजता जाते, एवढंच विचारायला हवं होतं. विचारलं नाही. अण्णा पहाटेच शेतावर गेला होता, तेवढंच मी धरलं. फार वेळ आवळलेला हात मोकळा केला तर जीवही जाऊ शकतो. तिथला तरुण सर्जन माझ्या तोंडाकडे बघत होता.

“वेळ अज्ञात,” मी म्हणालो. “कापा.”

अण्णा वाचला, पण वहिनी खचली. येईल त्याला सांगायची, “माज्यामुळं हात गेला. घड्याळ बघाय पायजे होतं म्या.” सगळे तिची समजूत घालायचे. मीही घालायचो.

पुढे एकदा गावी गेलो होतो. रस्त्यावर हॉर्न वाजला तशी वहिनी लगबगीने उठली. “औरादची गाडी आली. बायका जेवाय येतील आता.” मी घड्याळ पाहिलं. साडेअकरा. ही गाडी दिवसातून एकदाच जाते. म्हणजे त्या दिवशी हात बांधून अडीच तासच झाले होते. वाचवायचा प्रयत्न तरी करता आला असता. वहिनीने मला वेळ सांगितली होती, आणि मला ती वेळ वाटलीच नव्हती.

त्यानंतर चार महिने मी गप्प राहिलो. लाज वाटत होती, भीतीही वाटत होती. शेवटी दोघांना समोर बसवून सगळं सांगून टाकलं. वहिनी तोंडाला पदर लावून आत गेली.

“हाताचं जाऊ दे,” अण्णा म्हणाला. “चार महिने ती रोज रडायलती, आन तू समोर बसून बघायलतास. कामून गप बसलास?”