जिताड्याच्या पिल्लांचा खुराक

मंडळी, लहानपणी पहाटे तालमीत थंडाई घोटल्याचा घरघर आवाज यायचा, अन् पैलवान वर वाटीभर तूप प्यायचे. तेव्हापासून माझ्या मते खुराक म्हणजे तूप!

लेक सुनीता रत्नागिरीला टाकीतल्या समुद्राच्या पाण्यात जिताडा माशाची पिल्लं वाढवते. ती वाढेनात, पहिलाच धंदा बुडायची वेळ आली, तेव्हा मी सांगितलं, "खाद्यात तेल वाढव की!"

आज सकाळी तिचा फोन आला, मी नेहमीसारखा स्पीकरवर घेतला.

"आप्पा, ती काय पैलवान हायत? मी मासळीचं कूट वाढवलं. या वयात प्रथिनं भरपूर लागतात. तेलही हवं, पण बेतानं. नाहीतर नुसती चरबी साठते. आता झपाट्यानं वाढतायत!"

टाकीत चांदीच्या ओळी धावताना मला इथूनच दिसल्या.

हे लिहितोय तोच दारात शेजारच्या तालमीचे वस्ताद.

"मास्तर, फोनवरचं समदं ऐकलं. पोरीला इचारा की, आमच्या पोरांचं तूप किती कमी करू?"