पेटीवरचं नाव

कंपनी काढण्याच्या दोन वर्षं आधीच आमच्या या मित्राने व्हिजिटिंग कार्डं छापून घेतली होती. तेव्हा आम्ही जर्मनीत कार्ल्सरूहेला शिकत होतो, दोन खोल्यांत तिघं. कार्डावर पदाच्या जागी ‘फाउंडर’ होतं आणि कंपनीच्या जागी कोरी रेघ. कंपनी काय, मागून येईलच, असं त्याचं म्हणणं. तेव्हापासून आम्ही त्याला फाउंडर म्हणू लागलो आणि त्याने ते कौतुक समजून स्वीकारलं.

त्याला व्हिजन सुचायचं ते नेमकं स्वयंपाकाची पाळी आल्यावर. कुकर लावून तो भिंतीवरच्या फळ्यावर बाण काढत बसायचा आणि आम्ही करपलेलं वरण खायचो. ‘आल्झो, म्हणजे असं बघ, प्रॉब्लेम वरणाचा नाहीये, प्रोसेसचा आहे,’ हे त्याचं स्पष्टीकरण. प्रोसेस सुधारली नाही. वरण मी करू लागलो.

पुढे त्याने खरंच कंपनी काढली. जर्मनीत सरकारला तुमच्याशी काही बोलायचं असलं की ते कागदी पत्र पाठवतं, आणि ते वाचताना भल्याभल्या इंजिनियरांना घाम फुटतो. फाउंडरच्या अ‍ॅपमध्ये पत्राचा फोटो टाकला की पत्रात काय मागितलंय आणि कधीपर्यंत, ते मराठीत कळायचं. मी यथेच्छ हसलो. मग स्टुटगार्टला नोकरीत असताना मुलीच्या किटाचं, म्हणजे पाळणाघराचं, चार पानी पत्र आलं आणि मी ते जाहिरात समजून बाजूला टाकलं. बायकोने अ‍ॅपला दाखवलं. शुक्रवारपर्यंत होकार कळवला नाही तर जागा गेली, असं त्यात होतं. मुलीला जागा मिळाली. मी त्याचे आभार मानले नाहीत, तो आधीच पुरेसा हवेत होता.

त्यानंतर साहेब बर्लिनला गेले, कारण मोठ्या कंपन्या म्हणे बर्लिनमध्येच होतात. मी भेटायला गेलो तेव्हा घर हेच ऑफिस होतं. खाली पोस्टाच्या पेटीवर कंपनीचा झकास निळा लोगो. आडनावाचा पत्ता नाही. पेटीवर नाव नसलं तर इथला पोस्टमन पत्र टाकत नाही, सरळ परत पाठवतो. मी तसं म्हटलंही.

‘ब्रँड आधी, माणूस नंतर,’ तो म्हणाला.

व्हिसाच्या कचेरीने ब्रँडला नाही, माणसाला पत्र लिहिलं. मुदतवाढीसाठी कागद मागितले होते. पत्र परत गेलं. स्मरणपत्रही परत गेलं. फाउंडर मात्र इतरांची पत्रं वाचण्यात गर्क होता. त्याला कळलं तोवर मुदत उलटून अर्ज फेटाळला गेला होता, आणि ज्याला देशात राहता येत नाही त्याच्या कंपनीत पैसे घालायला गुंतवणूकदार काही खुळा नव्हता. अ‍ॅप बंद पडलं. अख्ख्या जर्मनीतल्या मराठी माणसांना वेळेवर जागं करणारा हा गृहस्थ स्वतः असा झोपला. हा विनोद मी खूप जणांना सांगितला. त्याला स्वतःला कधी सांगितला नाही.

परत जाण्याआधी तो दोन दिवस आमच्याकडे राहिला. उरलीसुरली पत्रं येतील, म्हणून तुमचा पत्ता दिलाय, म्हणाला. मग खाली जाऊन आमच्या नावाखाली त्याने एक पट्टी चिकटवली. एकदा वाकडी झाली म्हणून काढून पुन्हा लावली. ‘खरे’. माझ्या फोनमध्ये तो अजून फाउंडरच आहे. त्याचं आडनाव मीही इतक्या वर्षांत असं लिहिलेलं पाहिलं नव्हतं.

‘आता बरोबर आहे ना रे?’ त्याने विचारलं. मी पट्टीची कड अंगठ्याने दाबून बसवली.

वर्षभर पत्रं आली. मी ती शब्दकोश घेऊन वाचायचो आणि त्याला नाशिकला कळवायचो. प्रत्येक पत्राला त्याचं अ‍ॅप आठवायचं, आणि तोही. नंतर पत्रं थांबली. परवा पोस्टाच्या बाईंनी विचारलं, हे खरे अजून इथे राहतात का, नाहीतर पट्टी काढून टाका.

मी म्हटलं, राहतात.