मूठ भरेल अशी मान

आईच्या गाऊनची बटणं लावून देणं हे मोठीचं सकाळचं पहिलं काम असायचं. आईची बोटं सांधेदुखीनं कधीच वाकडी झाली होती. त्यांना चमचा धरता यायचा, पण बटण पकडता येत नसे. त्या सकाळी गळ्याजवळचं बटण दाबताना मोठीच्या डाव्या अंगठ्याच्या बुंध्यात कळ आली. सुई टोचावी तशी, छोटीशीच. तिनं हात मागे घेतला आणि समोर मांडीवर ठेवलेले आईचे हात तिला दिसले. 

"काय गं, थांबलीस का?" आईनं विचारलं.

"काही नाही. बटण घट्ट आहे."

मोठी शहर बस चालवायची. घरात ती मोठी, कारण तिच्या पाठची ती धाकटी. अंगापिंडानं मात्र मोठी धाकटीपेक्षा वीतभर बुटकी होती, त्यामुळे नाव सांगितलं की लोक दोघींकडे आळीपाळीनं बघायचे. बसखेरीज तिला एकच वेड होतं, इलेक्ट्रिक गिटारचं. धाकटी गायची, धाकटीचा नवरा ड्रम वाजवायचा. त्यांचा सराव चालायचा धाकटीच्या लाँड्रीमागच्या खोलीत, इस्त्री करून टांगलेल्या शर्टांच्या मधोमध. शर्टांमुळे आवाज बाहेर जात नाही असं धाकटीचं म्हणणं होतं. शेजाऱ्यांचं मत वेगळं होतं.

डेपोची नवी इमारत बांधून तयार होत आली होती आणि उद्घाटनाला या तिघांनी वाजवायचं ठरलं होतं. डेपोतल्या मंडळींनी मोठीला आजवर हॉर्नशिवाय काही वाजवताना ऐकलं नव्हतं. डेपो मॅनेजर दिसेल तिथे तिला अडवून म्हणायचे, "ताई, त्या दिवशी आमची इज्जत तुमच्या हातात बरं का!"

हातात. नेमकं तेच तिला नको होतं.

कळ पुन्हा पुन्हा येऊ लागली. गिटारवर काही कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवायचे सूर, अशा असतात की पहिलं बोट सगळ्या तारांवर आडवं दाबायचं आणि मागून अंगठ्यानं मानेला रेटा द्यायचा. गिटारची मान म्हणजे तारा जिच्यावरून जातात तो लांब दांडा. तो रेटा दिला की मोठीच्या डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. दाब कमी पडला की तारा खरखरायच्या.

"ताई, लक्ष कुठंय तुझं?" धाकटीनं गाणं थांबवलं.

"तारा जुन्या झाल्यात."

तिनं तारा बदलल्या. खरखर तशीच राहिली. मग ती म्हणाली की हवेमुळे लाकूड फुगलंय. धाकटीनं नवऱ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मोठीला दिसली.

डॉक्टरांकडे जायला ती धजत नव्हती. आईचं आपल्यात आलंय असं कुणी तोंडावर सांगितलं तर? आणि डेपोत कळलं तर? हाताची तक्रार म्हणजे तपासणी, आणि तपासणीत नापास म्हणजे घरी बसणं. ती बस चालवायची तेव्हाही मन ठिकाणावर नसायचं. वळण आलं की वाटायचं, हा अंगठा आत्ताच दगा देणार, आणि मागे बसलेली एवढी माणसं... या भीतीनं ती स्टिअरिंग आणखीच आवळून धरायची. कामावरून घरी येईपर्यंत हात ठणकून जायचा.

शेवटी तिनं सगळा दोष गिटारवर ढकलायचं ठरवलं. बाजारामागच्या गल्लीत वाद्यं दुरुस्त करणारे एक काका होते. त्यांचं दुकान एवढं अरुंद, की आत गिटार नेली तर गिऱ्हाईक बाहेर. काकांनी तिचे हात पाहिले आणि निकाल दिला, "हात लहान, मान मध्यम. ताई, तुम्हाला बारीक मान हवी. स्क्रू काढायचे, जुनी उतरवायची, नवी बसवायची. लोण्यासारखी चालतील बोटं."

मान बसवली. पातळ, चपटी, मागून चकचकीत. पहिल्या संध्याकाळी बोटं खरंच पळाली. मोठीला वाटलं, सुटले बुवा. तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

दुसऱ्या सरावात, तिसऱ्या गाण्याच्या मध्यावर, तिचा हात अडकला. अंगठा तळव्यात ओढला गेला, तो उघडेचना. गाण्याला गिटारच उरली नाही. ड्रम थोडा वेळ एकटाच वाजला आणि थांबला.

"तुला वाजवायचं नसेल तर सरळ सांग ना," धाकटी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच जास्त लागला. "मी दुसरं कुणीतरी बघते. सगळ्या डेपोसमोर फजिती कशाला?"

"बघ की. मी कुठे नाही म्हटलं?"

हात जॅकेटच्या खिशात लपवून मोठी निघाली. गिटार तिथेच शर्टांखाली राहिली.

त्या आठवड्यात तिची नेहमीची बस दुरुस्तीला गेली आणि तिला डेपोतली एक जुनी गाडी मिळाली. कुण्या ड्रायव्हरनं तिच्या स्टिअरिंगवर चामड्याची जाड पट्टी गुंडाळून, वरून शिवून टाकली होती. स्टिअरिंग कसलं, अजगरच तो. सकाळी मोठीनं नाक मुरडलं. दुपारी फेरी संपवून ती खाली उतरली, पाण्याची बाटली उघडली आणि मग तिच्या लक्षात आलं की बाटली तिनं डाव्या हातानं उघडली होती. अंगठा शांत होता.

ती पुन्हा गाडीत चढली. चामड्यावर हात ठेवला. मूठ भरत होती. बोटं आपोआप वळून टेकत होती, अंगठ्याला काही पकडून ठेवावंच लागत नव्हतं. मग शेजारच्या गाडीत जाऊन तिनं नेहमीचं बारीक स्टिअरिंग धरलं. तळहाताच्या मधे पोकळी राहिली आणि ती भरून काढायला अंगठ्यानं चिमटा घेतला. तोच चिमटा, बारीक मानेवर घ्यायची तोच.  इतके दिवस आपण उलट्याच दिशेनं चाललो होतो की काय?

धाकटी दुकानात नसताना लाँड्रीतून गिटार उचलून ती पुन्हा काकांकडे गेली. काका हसले. "बारीक नको, जाड? ताई, जग बारीक मागतंय. जाड मान कोण घेतो हल्ली?"

"मी घेते. दाखवा तरी."

काकांनी माळ्यावरून एकेक काढायला सुरुवात केली. एक जाड होती, पण मागे मधोमध तिला कण्यासारखी धार होती. ती बरोबर अंगठ्याच्या दुखऱ्या जागी रुतायची. एक गोल होती, पण तिच्या रुंदीमुळे पहिलं बोट पलीकडच्या तारेपर्यंत पोचेना. एकीवर एवढं पॉलिश, की घाम येताच तळवा चिकटायचा. मोठी प्रत्येक मान डोळे मिटून धरायची आणि कळीची वाट पाहायची. कळ आली नाही तरी विश्वास बसायचा नाही. आत्ता नाही आली, पण चार गाण्यांनंतर?

सगळ्यात शेवटी काकांनी शरीर फुटलेल्या एका गिटारची मान बाहेर काढली. पॉलिश उडालेली, गोल, गुबगुबीत. "हा घ्या कुदळीचा दांडा."

मोठीनं ती धरली. धरली म्हणजे, हातात ठेवली. मूठ भरली. तिनं अंगठा मानेवरून पूर्ण उचलला, तरी पडायची भीती वाटेना.

"काका, हीच बसवा."

"भोकं जुळणार नाहीत. बुजवून नवी पाडावी लागतील. नंतर नको म्हणालात तर?"

"पाडा," ती म्हणाली खरी, पण ड्रिलचा आवाज ऐकवेना म्हणून बाहेर गल्लीत जाऊन उभी राहिली.

गिटार घरी आणली तशी ती स्वयंपाकघरात बसून हळूहळू वाजवू लागली. तारा खरखरल्या नाहीत. तरी प्रत्येक कॉर्डनंतर ती हात उघडून बघत होती. आई दारात येऊन कधी उभी राहिली ते तिला कळलंच नाही.

"कधीपासून दुखतंय?"

"काय?"

"मी आई आहे तुझी. बटण लावताना तू कोणतं बोट चोरतेस ते मला दिसत नाही होय?"

मोठीचा बांध फुटला. सगळं सांगून झाल्यावर ती म्हणाली, "तुझंच आलंय माझ्यात."

आईनं आपले वाकडे हात पुढे केले. "माझं दोन्ही हातांत एकदम आलं होतं. सकाळी उठले की सगळी बोटं लाकडासारखी. अंगठा तर शेवटपर्यंत बरा होता. तुझं तेच आहे की नाही मला नाही माहीत, आणि तुलाही नाही. मग घरात बसून स्वतःला शिक्षा कसली सुनावतेस? उद्या दवाखान्यात जा. दुखणं लपवलं की ते भाडेकरू राहत नाही, मालक होतं."

डॉक्टरीणबाईंनी फोटो काढला, रक्त तपासलं, अंगठा सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला. तपासण्यांचे निकाल हाती येईपर्यंत मोठीला अन्न गोड लागलं नाही. आईचा आजार नव्हता. अंगठ्याच्या बुंध्याचा सांधा झिजला होता, वर्षानुवर्षं आवळून धरल्यानं.

"पूर्ण बरा होईल?"

"पूर्ण नाही. पण जपलात तर पुष्कळ चालेल. पट्टा बांधा, व्यायाम करा, जे धराल ते जाड धरा. दुखलं की थांबा."

"आणि बस?"

"पकड चांगली आहे. चालवा. डेपोला तसं कळवू आपण, लपवण्यासारखं काही नाही."

दवाखान्याच्या जिन्यात ती बसून राहिली.  येणारेजाणारे तिला वळसा घालून जात होते.

धाकटीकडे जाणं मात्र याहून अवघड होतं. ती लाँड्रीत चादरीच्या घड्या घालत होती. मोठीनं चादरीचं दुसरं टोक धरलं आणि घडी घालता घालता सगळं सांगितलं.

धाकटीनं चादर खाली टाकली. "आई ती माझी पण ना? भीती वाटायची ती काय तुला एकटीलाच? मी मात्र समजत होते की तुला आमचा कंटाळा आलाय. मला परक्यासारखं ठेवलंस, ताई."

"चुकलं माझं."

"दुसरं कुणी शोधलं नव्हतं मी," धाकटी नाक पुसत म्हणाली. "कोण येणार या शर्टांत?"

उद्घाटनाच्या संध्याकाळी नव्या इमारतीत रंगाचा वास होता आणि पुढच्या रांगेत मॅनेजर सहकुटुंब बसले होते.  मोठीच्या मनातली हाताची भीती गेली नव्हती. तिनं काळजीनं पहिली कॉर्ड धरली, अंगठा मानेवर नुसता टेकवला. सूर स्वच्छ निघाला. दुसरं गाणं गेलं, तिसरंही गेलं. चौथ्याच्या शेवटी बुंध्यात ओळखीची टोचणी सुरू झाली. ती घाबरली, आणि सवयीनं दात आवळणार होती. मग तिनं धाकटीकडे पाहून मान हलवली.

धाकटीनं माइक हातात घेतला. "पुढचं गाणं फक्त ड्रमवर. आमच्या ताईंचा हात जरा विश्रांती घेतोय."

कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही. मोठी खुर्चीवर बसून राहिली, हात मांडीवर उघडा ठेवून. गाणं संपल्यावर ती उठली आणि शेवटची दोन गाणी तिनं वाजवली. एका ठिकाणी बोट चुकलं. मॅनेजर तरी टाळ्या वाजवत उभे राहिले. त्यांना ते कळलंही नसावं.

सांधा अजून दुखतो, थंडीत जास्त. जुनी दोन गाणी त्यांनी कायमची सोडून दिली, त्यांतल्या कॉर्ड तिला झेपत नाहीत. नवं गाणं बसवण्याआधी आता धाकटी विचारते, "हे जमेल?" मोठी एकदा धरून बघते. कधी हो म्हणते. कधी गिटार खाली ठेवून सांगते, "आज दुखतंय," आणि मग दुकानातले शर्ट मोजायला मदत करते.