बाकावरची कॉरीन

कॉरीन वोरोबेट्स ही आमच्या गावातून देशाच्या आइस हॉकी संघात गेलेली एकुलती एक बाई. गावात शिरतानाच्या रस्त्यावर तिच्या नावाची पाटी लावायची की नाही, यावरून आमच्याकडे दोन वर्षं वाद चालला. "खेळली कुठे? बाकावर तर बसली होती," असं म्हणणारे शहाणे पुष्कळ होते. त्यातल्या एकानेही कधी जाळीसमोर उभं राहून छातीवर पक, म्हणजे ती कडक रबरी चकती, झेललेला नाही. पाटी काही लागली नाही.

मी गावच्या बर्फाच्या रिंकवरचं कँटीन एकतीस वर्षं चालवलं. तळलेले बटाटे, ग्रेव्ही, कॉफी आणि गावाच्या भानगडी, चारही गरमागरम. कॉरीन सात वर्षांची असताना तिचा बाप नेस्टर तिला घेऊन आला. मुलांच्या संघाला गोलकीपर मिळत नव्हता, कारण सगळ्यांना गोल करायची हौस, अडवायची कुणालाच नाही. नेस्टर कोचला म्हणाला, "मुलगी आहे खरी, पण एकदा उभी राहिली की जागची हलत नाही." कोचला तेवढंच हवं होतं.

मुलांच्या खोलीत तिला कपडे बदलता येणार नव्हते, म्हणून कँटीनमागची माझी बटाट्यांची खोली तिला मिळाली. पोत्यावर बसून ती एकटीच पायांना पॅड बांधायची. भिंतीपलीकडे मुलं खिदळत असायची, एकमेकांना टोपणनावं ठेवत असायची. कॉरीनला कधी टोपणनाव मिळालं नाही. सामन्याआधी कोच जे काही सांगत, ते भिंतीतून जेवढं गळेल तेवढं तिच्या वाट्याला यायचं.

"काय म्हणाले गं कोच?" मी एकदा विचारलं.

"डावीकडून येतील, सांभाळा, असं म्हणाले. नाहीतर डावीकडून जा, असं म्हणाले असतील," ती म्हणाली आणि तशीच बर्फावर गेली. मी हसले होते तेव्हा. आता आठवलं की वाईट वाटतं.

आमच्याकडे एक नियम आहे, कुठे लिहिलेला नाही, पण चर्चमधल्या नियमांपेक्षा कडक पाळतात. समोरच्या संघाला एकही गोल करू दिला नाही की त्याला शटआउट म्हणतात. पण सामना संपेपर्यंत हा शब्द तोंडातून काढायचा नाही. आणि समोरच्यांचं खातं अजून उघडलेलं नसेल, तर आपल्या गोलकीपरशी कुणी बोलायचं नाही. बरी आहेस का, पाणी हवं का, काहीही नाही. एका वर्षी पोस्टमास्तरांची बायको प्रेक्षकांतून ओरडली, "अरे वा, आज शटआउट!" पुढच्याच मिनिटाला गोल झाला. त्या हिवाळ्यात तिने भाजलेल्या ॲपल पायला कुणी हात लावला नाही, आणि ती उत्तम पाय करायची.

पंधराव्या वर्षी मुलांच्या लीगने कॉरीनला दार बंद केलं. मग ती सास्काटून शहरात गेली, बेकरीत कामाला लागली आणि बायकांच्या संघात शिरली. तिथे सगळ्या एकाच खोलीत कपडे बदलायच्या, गाणी म्हणायच्या. कॉरीन मात्र बॅग घेऊन कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून बसायची. "मिसळायला हवं गं," मी फोनवर म्हणायची. "मला जमत नाही, व्हेरा. काय बोलतात ते कळतं, मध्ये कुठून शिरायचं ते कळत नाही."

चोविसाव्या वर्षी देशाच्या संघातून बोलावणं आलं. तिसरी गोलकीपर म्हणून. सरावात मार खायचा आणि सामन्याच्या दिवशी साध्या कपड्यांत वर प्रेक्षकांत बसायचं, हे तिसरीचं काम. स्पर्धा फिनलंडमध्ये होती. नेस्टरने फोन स्वयंपाकघरातून उचलून आपल्या खुर्चीजवळ आणला आणि दहा दिवस खुर्ची सोडली नाही. त्याला एकच गोष्ट ऐकायची होती, आणि तिला एकच गोष्ट सांगायची होती. मी खेळले. एक मिनिट का होईना, पण खेळले.

आणि संधी आली. उपांत्य सामन्याच्या सकाळी दुसरी गोलकीपर तापाने फणफणली, आणि कॉरीन पॅड बांधून बाकावर बसली; जाळीसमोर पहिली गोलकीपर सोलांज होती. त्याच रात्री तिने बापाला फोन केला. मी तिथेच होते, कोबीचे गोळे घेऊन गेले होते.

"किती?" नेस्टरने विचारलं.

"अकरा-शून्य. जिंकलो."

"तू खेळलीस?"

"नाही, डॅड."

"असू दे. पुढच्या वेळी."

फोन ठेवून तो मला म्हणाला, "अकरा-शून्य! आणि दहा मिनिटांसाठीसुद्धा पोरीला उतरवलं नाही. दगड आहे का तो कोच?" मी त्या कोचच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

पुढची वेळ आली नाही. वर्षभरात नेस्टरचं अर्धं अंग गेलं आणि कॉरीन परत आली ती कायमची. शाळेची बस चालवायला लागली. शेवटचं पोर उतरलं की तेवढी मोठी रिकामी बस घेऊन खडीच्या रस्त्याने एकटीच घरी यायची. लग्न केलं नाही. कुणी विचारलंही नाही, असं ती म्हणते, पण दोघांनी विचारलेलं मला ठाऊक आहे. नेस्टर सहा वर्षं अंथरुणावर होता, आणि येईल त्याला सांगायचा, "कोचने खेळवलं नाही हो."

त्याला पुरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी कॉरीनने मला खरं सांगितलं.

"कोचने विचारलं होतं, व्हेरा. तिसरा, शेवटचा वीस मिनिटांचा डाव अर्धा झाला तेव्हा माझ्याकडे वळले. 'उतरतेस?' म्हणाले."

"मग?"

"सोलांजचं शून्य चाललं होतं ना. तिला काढलं असतं तर शटआउट तिच्या नावावर लागलं नसतं. मी म्हणाले, 'राहू द्या तिला.'"

"आणि बापाला हे सांगितलं नाहीस?"

"त्यांना कोचचा राग धरता येत होता. माझा कसा धरतील?"

"मूर्ख आहेस," मी म्हणाले. आदल्या दिवशी बापाला पुरून आलेल्या मुलीला हे म्हणणारी मी. पण रागच आला होता. आणि रागाखाली थोडा अभिमानही होता, तो मात्र तिला बोलून दाखवला नाही.

गेल्या शरदात रिंकच्या छपरासाठी गावजेवण होतं. टर्की, कोबीचे गोळे, बावीस प्रकारचे गोड पाय, ॲपलपासून भोपळ्यापर्यंत. कमिटीने मोठी पाहुणी म्हणून सोलांजलाच बोलावलं. कॉरीनला विचारायचं कुणाला सुचलं नाही. ती माझ्याबरोबर स्वयंपाकघरात ताटं पुसत होती. वाढायची खिडकी उघडी होती, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं.

सोलांज लंगडत मंचावर गेली. बोलायला मोठी गमतीची बाई.

"हा गुडघा बघता ना? फिनलंडमध्ये गेला," ती माइकवर म्हणाली. "तिसऱ्या डावाच्या दुसऱ्याच मिनिटाला कट्कन आवाज आला. आम्ही दहा-शून्यवर होतो. मी स्वतःहून बाहेर आले असते, तर दुखापत कळून अंतिम सामन्यातून नाव कटलं असतं. म्हटलं, एवढे गोल झालेत, कोच आता आपणहून बदलतील, कुणाला कळणारही नाही. मी बाकाकडे बघत होते. बदला, बाबांनो, बदला! पण शून्यावरच्या गोलकीपरकडे कोण बघणार? सगळ्या माना खाली! अठरा मिनिटं एका पायावर काढली. दुसऱ्या दिवशी सुई टोचून खेळले, आणि पुढच्या मोसमात हॉकी संपली. एका शून्यापायी!"

हॉल खो-खो हसला. माझ्या हातातलं भांडं घसरून सिंकमध्ये पडलं.

जेवण झाल्यावर सोलांज आत आली आणि कॉरीनला बघून किंचाळलीच. "तू! तू होतीस की बाकावर! तुझ्याकडेच तर बघत होते मी. सारखी बर्फाकडे काय बघत बसली होतीस गं?"

"तुझं शून्य होतं," कॉरीन म्हणाली.

"कसलं शून्य घेऊन बसलीस! मला तर नंतर कोणाशी सामना होता तेही आठवेना."

मी तोंड उघडलं. माझ्या जिभेला तसंही हाड नाही. पण कॉरीनने टेबलाखालून माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की बांगडी रुतली. सोलांजने तिला मिठी मारली, तिच्यासाठी पायचा तुकडा मागितला, माझ्या ग्रेव्हीची तारीफ केली आणि गेली.

कॉरीनने उरलेली ताटं पुसली, रचून ठेवली. मग उलट्या ठेवलेल्या दुधाच्या खोक्यावर बसली. एवढ्या वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं, बापाच्या वेळीसुद्धा नाही.

"व्हेरा," ती म्हणाली, "मला खेळायचं होतं गं. मला खूप खेळायचं होतं."