नियर मिसची दुरुस्ती

चाळीस वर्षं इंग्रजी शिकवून मी निवृत्त झाले, तरी दर रविवारी लोणावळ्याहून तळेगावला जाते आणि तिथून रिक्षाने नवलाख उंबरे गावाजवळच्या एका कारखान्यात. तिथल्या कामगार बायकांना कामापुरतं इंग्रजी शिकवायचं. गुडघे कुरकुरतात. घरचे म्हणतात, आता पुरे झालं. पण चुकीचं इंग्रजी दिसलं की ते दुरुस्त केल्याशिवाय मला राहवत नाही, या खोडीचा आता मलाच कंटाळा आलाय.

त्या रविवारी फळ्यावर आधीच लिहिलेलं होतं, 'नियर मिस'. अपघात होता होता टळला की रजिस्टरमध्ये हे दोन शब्द लिहायचे. बाहेरून तपासणीला लोक येतात म्हणून रजिस्टर इंग्रजीत. फळ्यावर ते लिहिणारे सुरक्षा अधिकारी मागच्या बाकावर चहा पीत बसले होते.

"अहो, नियर म्हणजे जवळजवळ, मिस म्हणजे चुकला," मी म्हटलं. "जवळजवळ चुकला म्हणजे लागलाच की! नियर हिट म्हणा."

"मॅडम, सगळीकडे हेच म्हणतात."

"सगळे म्हणतात म्हणून बरोबर होत नाही."

पहिल्या बाकावरच्या ताईंनी हात वर केला. सहा वर्षं मशीनवर, तीही कंत्राटावर. कायम करण्यासाठी त्यांचा अर्ज त्याच महिन्यात वरच्या ऑफिसात गेला होता.

"बाई, आपुन बी लोनावळा आलं म्हनतो की. लोनावळा कुटं येतंय? आपुनच जातो. पीठ दळून आनलं म्हनतो, दळत्यात तर गहू."

वर्ग खळखळून हसला. मी आवाज चढवला. "मराठीत चालतं. इंग्रजीत मी शिकवते तेच लिहायचं." ताईंनी मान खाली घातली आणि वहीत लिहून घेतलं. असले वाद मी जन्मभर घातले आणि बहुतेक असेच जिंकले. घरी आले आणि चपला न काढताच कॉटवर आडवी झाले.

मधले दोन रविवार गुडघ्यांनी मला घरीच बसवलं. नंतर गेले तेव्हा ताईंच्या बाकावर त्या एकट्याच होत्या. बाकीच्या बायका दाटीवाटीने मागे.

"काय झालं?"

"क्रेट पडला बाई. पायापास्नं इतभर लांब. मला काय बी लागलं न्हाई. मी रजिस्टरात लिवलं. तुमी सांगितलं तसंच."

पुढचं अधिकाऱ्यांनी सांगितलं. वरच्या ऑफिसात कुणीतरी 'हिट' एवढंच वाचलं आणि अपघात म्हणून नोंदवलं. गेटवर एक पाटी आहे, अपघाताविना किती दिवस गेले त्याची. दर शंभर दिवसांनी सगळ्या लाइनला पेढे मिळतात. तीनशेला चार दिवस उरले होते, पेढ्यांची ऑर्डरही गेली होती. पाटीवर शून्य लागलं. लाइनवरच्या बायका ताईंशी बोलेनाशा झाल्या. आणि त्यांचा अर्ज 'अपघाताची चौकशी बाकी' असा शेरा घेऊन परत आला.

मला स्वतःची लाज वाटली. तशीच जिना चढून वर गेले. तिथले साहेब सभ्यपणे म्हणाले, "मॅडम, तुम्ही लेखी द्या. आम्ही पाटी बदलू."

मी लिहिलं. नियर मिस हेच बरोबर आहे, नियर हिट ही माझी चूक, ताईंचा काही दोष नाही. 'बरोबर' या शब्दापाशी पेन थांबलं. आयुष्यभर ज्याच्यावर लाल काट मारली, त्याच्याखाली माझी सही. खरं सांगते, फार वाईट नाही वाटलं. दमलेच होते.

पाटीवर जुना आकडा परत आला, पुढे पेढेही वाटले गेले. मागच्या बायका पुन्हा पुढे येऊन बसल्या. पण कायम करायच्या नावांची यादी तोवर निघून गेली होती. आता पुढच्या वर्षी, असं ताईंना सांगण्यात आलं.

त्या अजून येतात. सर्वांत आधी येतात, पुढच्याच बाकावर बसतात. परवा त्यांना रजेचा अर्ज लिहायचा होता. मी खडू उचलला आणि सवयीने म्हणाले, "हं, आता बरोबर कसं लिहायचं ते बघा."

ताईंनी वही मिटली.

"बाई, रागावू नका. पन बरोबर काय त्ये नका सांगू मला. समदे काय लिवत्यात, तेवढंच सांगा."